एवढं नाव झाल्यावरही म्हातारे नट काम का करत राहतात?

नाट्यवेडा: अशोक सराफांचा जन्म १९४७चा, २०२५ला पद्मश्री जाहीर झाली, तरी अलीकडेपर्यंत मालिकेत रोज दिसायचे. या वयात ही ओढ प्रसिद्धीची की कामाची?

तिसरी घंटा: कामाचीच रे. सराफ कितीतरी वर्षं स्टेट बँकेत नोकरी सांभाळून नाटकं करत होते, तेव्हा कुठली आलीय प्रसिद्धी. आणि डॉ. श्रीराम लागू बघ, नाक-कान-घशाचे सर्जन, १९६९ला चाळिशी उलटल्यावर प्रॅक्टिस सोडून पूर्णवेळ नट झाले आणि १९७०ला 'नटसम्राट' नाटक केलं. आत्मचरित्राचं नाव लमाण ठेवलं, म्हणजे नट हा फक्त माल वाहून नेणारा, लेखकाचं लोकांपर्यंत पोचवणारा. मला हे फार मोठं वाटतं.

विंगेतला: मी बॅकस्टेजला असताना एक ज्येष्ठ नट होते, नाव नको. गुडघे गेलेले, विंगेत स्टुलावर बसून ठळक अक्षरात लिहून घेतलेली वाक्यं पुटपुटायचे, कागद धरलेला हात थरथरायचा. एन्ट्री आली की कागद माझ्या हातात द्यायचे आणि पाठ ताठ. एकदा म्हणाले, लोक ओळखेनासे झाले याचं काही नाही बाळा, पाठांतर जाईल याची भीती वाटते.

नाट्यवेडा: हे वाचून गलबललं. मग शेवटी थांबले का ते?

विंगेतला: हो, एका प्रयोगात दोनदा अडखळले, त्यानंतर स्वतःच.