मदत हवी आहे: दुबईला जाताना आईचं प्रीगॅबालिन

पुढच्या महिन्यात आई ताईकडे दुबईला जाते आहे, एकटीच. मधुमेहामुळे तिच्या पायांची आग होते, त्यासाठी ती रोज प्रीगॅबालिन घेते. आपल्याकडे चिठ्ठीवर सहज मिळणारं हे औषध यूएईत नियंत्रित यादीत आहे. नेण्याआधी तिथल्या सरकारची ऑनलाइन परवानगी घ्यावी लागते. (खसखसही तिथे चालत नाही, त्यामुळे अनारशांचा बेत रद्द!)

डॉक्टरांकडून लेटरहेडवर इंग्रजीत पत्र घेतलंय: निदान, औषधाचं मूळ नाव, डोस, सही-शिक्का. गोळ्या मूळ पाकिटातच, बिलासह, हातातल्या बॅगेत ठेवणार आहोत. औषध एकदम बंद करायचं नाही, असं डॉक्टरांनी बजावलंय, म्हणून ‘नेऊच नका’ हा पर्याय नाही. पर्यायी औषध तिला मानवलं नाही.

आईला इंग्रजी फारसं येत नाही, विमानतळावर अडवलं तर ती घाबरेल, याचीच मला जास्त काळजी आहे.

ज्यांनी अलीकडे ही परवानगी काढली आहे त्यांनीच कृपया सांगा: आपल्या डॉक्टरांचं पत्र तसंच चालतं की साक्षांकित करावं लागतं? मंजुरीला किती दिवस लागले? आणि उतरल्यावर आईने स्वतःहून कस्टम्सला कागद दाखवायचे, की विचारलं तरच?