श्पेअरच्या आठवणी कितपत खऱ्या धरायच्या?

पानोपानी: अल्बर्ट श्पेअरचं आत्मकथन वाचतोय, निम्मं झालं. हिटलरचा आर्किटेक्ट, त्याच्या आतल्या गोटातला माणूस, १९४२ पासून शस्त्रास्त्र मंत्री, २० वर्षं तुरुंगात काढून बाहेर आला आणि १९६९ला पुस्तक काढलं. लिहितो इतकं कबुलीच्या सुरात की विश्वास बसत जातो, पण ज्यूंच्या कत्तलीचं आपल्याला नेमकं माहीत नव्हतं म्हणतो तिथे अडकलोय. हे तपासायचं कसं, जर्मन येत नसताना?

जुनी_फाइल: पोझनपासून सुरू करा, म्हणजे जर्मनीने बळकावलेल्या पोलंडमधलं शहर. ६ ऑक्टोबर १९४३ला एसएस या नाझी दलाचा प्रमुख हिमलरने तिथे नाझी पुढाऱ्यांसमोर स्पष्ट सांगितलं की ज्यू बायकामुलांनाही मारायचं ठरलंय. त्याच दिवशी श्पेअरचंही तिथे भाषण होतं! १९७१ला एरिक गोल्डहागेन या अभ्यासकांनी हे काढल्यावर श्पेअर म्हणाला मी आधीच निघालो होतो. पण भाषणाच्या प्रतीत हिमलर त्याला समोर बसल्यासारखं उद्देशून बोलतो, आणि २००७ला श्पेअरचंच डिसेंबर १९७१चं खाजगी पत्र उजेडात आलं, त्यात आपण तिथे होतो हे तो मान्य करतो. म्हणजे जगाला एक आणि पत्रात दुसरंच. मला तर याचा अजून राग येतो.

शाईचा_डाग: नुसतं कागद आहे म्हणून पण भुलू नका हं. श्पेअरच्या ऑफिसची रोजनिशी रुडॉल्फ वॉल्टर्स हा मित्र ठेवायचा, आणि कोब्लेन्झच्या जर्मन सरकारी अभिलेखागारात श्पेअरने दिली ती साफसूफ केलेली प्रत, त्याच्याच खात्याने बर्लिनच्या ज्यूंना घरांतून हुसकल्याच्या नोंदी गाळलेली. मूळ प्रत वॉल्टर्सने जपली होती आणि पुढे माथियास श्मिट या संशोधकाला दिली म्हणून कळलं. कागद कोणी, कधी, कोणत्या हातांनी जमा केला हे आधी बघायचं.

जुनी_फाइल: अगदी बरोबर. तरी पुस्तक फेकू नका, हिटलरच्या भोवतीचे हेवेदावे, बांधकामांचे नकाशे यात त्याची मान अडकत नव्हती, तिथे तो कामाचा आहे. आणि यातलं बरंचसं इंग्रजीत आहे, जर्मनवाचून अडणार नाही.

पानोपानी: आत्ता पोझनचं पान काढलं. त्याचं स्वतःचं भाषण आहे, संध्याकाळी पुढारी इतके प्यायले की ट्रेनपर्यंत धरून न्यावं लागलं हेही आहे. हिमलरच्या भाषणाचा शब्दही नाही.