ओकॅमल या प्रोग्रामिंग भाषेची स्टँडर्ड लायब्ररी म्हणे 'व्हर्च्युअल' करा. कशासाठी?

कोल्हापुरी_कॅमल:
परवा इथे एक पोस्ट आली, खाली वाहवा करणाऱ्यांची रांग लागली, म्हणून वेगळा धागा काढतोय. ज्यांनी वाचली नसेल त्यांच्यासाठी सार: इफेक्ट हँडलर (फंक्शनने मागितलेलं काम वरती पकडून ते कसं करायचं हे ठरवणारा कोड) डिसेंबर २०२२ मध्ये ओकॅमल ५.० सोबत आले, पण स्टँडर्ड लायब्ररी अजून त्यांना शिवतही नाही. प्रिंट, फाइल वाचणं, सोबत येणाऱ्या युनिक्स लायब्ररीतलं घड्याळ आणि स्लीप, सगळे थेट ओएसला हात घालतात. त्याऐवजी या फंक्शनांनी नुसतं 'परफॉर्म' करावं, म्हणजे 'हे काम हवंय' एवढंच सांगावं, काम कसं करायचं ते बाहेर बसलेला इंटरप्रीटर, म्हणजे हँडलर, बघेल, आणि कोणी हँडलर लावलाच नाही तर रनटाइममधला डीफॉल्ट इंटरप्रीटर आहेच. टेस्टमध्ये एक इंटरप्रीटर, सर्व्हरवर दुसरा, आनंदीआनंद.

आता माझं ऐका. ओकॅमलमध्ये इफेक्ट टाइपात दिसतच नाहीत. कोका नावाच्या भाषेत दिसतात, त्यांनी हे बोलावं, शोभतं. आपल्याकडे स्ट्रिंग घेऊन युनिट (म्हणजे काहीच उत्तर नाही) देणारं फंक्शन तसंच दिसणार, मधल्या कुठल्या तरी लायब्ररीने आपला हँडलर घुसवून तुमचं प्रिंट गिळून टाकलं तरी कंपायलर हूं की चूं करणार नाही. आज प्रिंट म्हणजे प्रिंट असतं. उद्या प्रिंट म्हणजे 'वरती कोण बसलंय त्यावर आहे'.

बरं, हँडलर डोमेन (प्रोग्रामचा दुसऱ्या कोअरवर समांतर चालणारा भाग) ओलांडत नाही. नवीन डोमेन स्पॉन केलं की त्याचा स्टॅक कोरा, थ्रेडचंही तेच. म्हणजे तुमचं व्हर्च्युअल घड्याळ मुख्य डोमेनमध्ये २०१५ सालात आणि शेजारच्या डोमेनमध्ये खरं. असली टेस्ट पास झाली काय अन् नापास झाली काय.

सी फ्रेमचं (सी भाषेतल्या फंक्शनची स्टॅकवरची जागा) तर कोणी नावच घेत नाही. सी मधून ओकॅमलमध्ये कॉलबॅक आला आणि आतून परफॉर्म केलं तर ते सी च्या फ्रेमपलीकडे जात नाही, 'अनहँडल्ड' एक्सेप्शन तोंडावर. फायनलायझर (मेमरी मोकळी होताना चालणारा कोड) आणि सिग्नल हँडलर (ओएसच्या इशाऱ्यावर चालणारा) कुठून चालतात ते बघा एकदा. त्यात एक साधी लॉगची ओळ असते लोकांची. ती ओळ आता कुणाच्या इंटरप्रीटरकडे जाणार, जरा सांगा.

आणि आउटपुट वळवायचंच असेल तर फॉरमॅट मॉड्यूलमध्ये आउटपुटची फंक्शनं बदलायची सोय कित्येक वर्षं आहे. किती जणांनी वापरलीय? हात वर करा.

फायबर_आणि_फरसाण:
ती पोस्ट माझीच होती, नाव घेतलं असतंत तरी चाललं असतं.

कॅमलराव, तुम्ही सगळे कोपरे शोधून काढलेत आणि मधली अख्खी खोली सोडलीत. मी ही मागणी हौसेने करत नाहीये. आधीच्या कंपनीत बिलिंगचा कोड होता, महिनाअखेरीला रात्री बारानंतर एक रक्कम चुकायची, फक्त ३१ तारखेच्या महिन्यात. टेस्ट लिहायची तर घड्याळ बदलायला हवं, आणि घड्याळ वाचलं जायचं पार खालच्या एका फंक्शनात जे आमचं नव्हतंच, दुसऱ्याच लायब्ररीतलं. शेवटी काय केलं तर टेस्टच्या मशीनची तारीखच बदलायची स्क्रिप्ट, आणि मग त्याच मशीनवरची सर्टिफिकिटं एक्स्पायर झालेली दिसायची आणि सगळंच बोंबलायचं. टाइम नावाचा एक इफेक्ट असता तर वर एक हँडलर, संपलं.

दुसरी गोष्ट याहून मोठी आहे. आयओ वापरणाऱ्यांना विचारा (आपली ई-आय-ओ वाली, इफेक्टवर चालणारी लायब्ररी म्हणतोय). शंभर फायबर (शेड्यूलर आळीपाळीने चालवतो ती हलकी कामं) मजेत चाललेत आणि कुठल्या तरी डिपेंडन्सीने आत युनिक्सचा स्लीप किंवा रीड मारला, की त्या डोमेनमधले सगळे फायबर गप्प. शेड्यूलरला कळतसुद्धा नाही. तोच स्लीप परफॉर्म करत असता तर शेड्यूलरने फायबर बाजूला ठेवून दुसरा उचलला असता, लायब्ररी लिहिणाऱ्याला काही माहीत असायची गरजच नाही. एल्डब्ल्यूटी या आधीच्या असिंक लायब्ररीच्या काळात लिस्टवरून फिरायलासुद्धा वेगळं फंक्शन लागायचं, साधं लिस्ट.इटर चालायचं नाही कारण प्रॉमिस ('उत्तर नंतर मिळेल' असा टाइप) सगळ्या टाइपांत झिरपायचं. इफेक्टने ती कटकट संपवली ना? मग दारापर्यंत येऊन थांबायचं कशाला?

शेपूट_कॉल:
घड्याळ आर्ग्युमेंट म्हणून पाठवा की. हात दुखतात का?

फायबर_आणि_फरसाण:
दुसऱ्याच्या लायब्ररीला कसं पाठवू? कुरिअरने?

शेपूट_कॉल:
मग ती लायब्ररी वाईट लिहिलीय असं म्हणा, भाषेच्या नावाने शंख कशाला करता. मिराजओएसवाल्यांनी नेटवर्क, डिस्क, घड्याळ सगळं फंक्टरांतून (मॉड्यूल घेऊन मॉड्यूल देणारी रचना) देऊन दाखवलं, हायपरवायझरवर थेट चालणारं युनिकर्नेल (प्रोग्राम आणि त्याला लागेल तेवढीच ओएस एकत्र) बनवलं, एकही इफेक्ट न वापरता. याला म्हणतात व्हर्च्युअल करणं, आणि कंपायलर प्रत्येक सांधा तपासतो. आयओनेही तेच केलं, एन्व्ह (बाहेरच्या जगाच्या चाव्यांचा जुडगा) हातात देतात, त्यातून स्टँडर्ड आउट घ्या, घड्याळ घ्या. ज्याच्या हातात एन्व्ह नाही त्याला नेटवर्क नाही. टेस्टला खोटं घड्याळ हवं तर त्यांच्या मॉक लायब्ररीत आयतं आहे.

फायबर_आणि_फरसाण:
फंक्टरांची ती उतरंड बघितलीय मी. शेवटी मिराजवाल्यांनीच घड्याळ आणि स्लीप फंक्टरांतून बाहेर काढून ड्यून या बिल्ड टूलच्या व्हर्च्युअल लायब्ररीत नेले, लिंक करताना इम्प्लिमेंटेशन निवडायचं. का नेले? कंटाळले म्हणून. तुम्ही ज्यांचा दाखला देताय तेच तुमच्या बाजूला उरले नाहीत.

शेपूट_कॉल:
लिंक करताना! चालू प्रोग्रामात कुठेही कुणीही नाही! हाच तर फरक आहे हो. एका बायनरीत एकच घड्याळ, वाद मिटला. तुमचं म्हणणं दर फंक्शन कॉलला नवा वाद.

उशिराची_लोकल:
मधेच बोलते, माफ करा. हे सगळं उच्च चाललंय पण स्टँडर्ड लायब्ररीत बदलच करायचे असतील तर आधी 'मराठी' या शब्दाची लांबी १५ येते ते बघा ना कोणीतरी. स्ट्रिंग.लेंग्थ बाइट मोजतं हे मलाही माहीत आहे, कोणी समजावायला येऊ नका. मी एका पतसंस्थेसाठी रिपोर्ट काढते, टर्मिनलवर आणि डॉटमॅट्रिक्सवर, प्रिंटएफने २० रुंदीचा नावाचा रकाना. 'ज्ञानेश्वर' ३० बाइट, म्हणजे पॅडिंग शून्य, रक्कम नावाला चिकटली. 'उमा' ९ बाइट, म्हणजे ११ स्पेस. एकही ओळ दुसऱ्या ओळीखाली येत नाही. पतसंस्थेचे सेक्रेटरी म्हणतात मॅडम हिशोब तिरका आलाय.

चहा_नंतर_मोनॅड:
ताई, अगदी. 🙏 हॅस्केल भाषेत निदान ५ येतात, कोडपॉइंट (युनिकोडची एकेक चिन्हं).

कोल्हापुरी_कॅमल:
५ कशाला बरोबर? डोळ्याला दिसतात ३. म, रा, ठी. चुकायचंच तर १५ तरी प्रामाणिक आहे, बाइट म्हणाले, बाइट दिले.

चहा_नंतर_मोनॅड:
३ हवे तर स्विफ्ट भाषा वापरा, तिथे कॅरॅक्टर म्हणजे ग्राफीम क्लस्टरच, डोळ्याला दिसतं ते एक अक्षर. स्टँडर्ड लायब्ररीत. वेगळं पॅकेज नाही.

शेपूट_कॉल:
आणि जोडाक्षराला काय करता? 'ज्ञानेश्वर' घ्या. युनिकोड १५.१ च्या आधीच्या नियमाने ६ क्लस्टर, ज् वेगळा ञा वेगळा. २०२३ मध्ये नियम बदलला, आता ४. म्हणजे भाषेची आवृत्ती वर नेली आणि त्याच नावाची लांबी ६ ची ४ झाली. असली गोष्ट स्टँडर्ड लायब्ररीत ठेवतात का? यूयूसेग नावाचं पॅकेज त्यासाठीच आहे, युनिकोडच्या आवृत्तीबरोबर त्याची आवृत्ती. ४.१४ पासून यूटीएफ-८ डीकोड करायला स्ट्रिंग मॉड्यूलमध्ये फंक्शन आहे, तेवढं पुरे.

उशिराची_लोकल:
तेवढं पुरे कुणाला? ज्याचं नाव जॉन आहे त्याला. पॅकेज टाका म्हणणं सोपं आहे, त्या ऑफिसातलं मशीन नेटवर नाही, मी पेनड्राइव्हवर सगळं नेते. आणि क्लस्टर मोजूनही रकाना जुळत नाही कारण टर्मिनल 'ज्ञा' किती घरांत काढेल ते टर्मिनल ठरवतं. एका टर्मिनलवर दोन, दुसऱ्यावर एक, तिसऱ्यावर ज पाय मोडलेला आणि बाजूला ञा. डॉटमॅट्रिक्सची तर वेगळीच कहाणी.

चहा_नंतर_मोनॅड:
प्रिंटरवाल्यांनी देवनागरीचा जो खेळ केलाय त्यावर वेगळा धागा होईल. आमच्याकडे जुने इनव्हॉइस अजून त्या युनिकोड-नसलेल्या फाँटमध्ये आहेत, इंग्रजी की दाबून मराठी दिसणारे. सर्च करायला गेलं की 'देशपांडे' सापडायला सेमीकोलन टाइप करायचं.

उशिराची_लोकल:
आमच्याकडे पण!! आणि कन्व्हर्टर चालवला की रफार पुढच्या अक्षरावर.

नारायण_पेठेतला_पॉइंटर:
इथे इफेक्टवर बोलणं चालू होतं बहुतेक. का मी चुकीच्या घरात शिरलो?

उशिराची_लोकल:
इफेक्टवरच बोलतेय. रकान्याची रुंदी आउटपुट कुठे जाणार यावर अवलंबून आहे हे तुमच्या लक्षात आलं नाही का? टर्मिनल एक उत्तर देणार, प्रिंटर दुसरं. मग 'या स्ट्रिंगची रुंदी किती' हा प्रश्न बाहेरच्या इंटरप्रीटरलाच विचारायला हवा. मला तर फरसाणवाल्यांचं पटतंय.

कोल्हापुरी_कॅमल:
त्यासाठी इफेक्ट कशाला, फॉरमॅटमध्ये प्रिंट_अॅज आहे. स्ट्रिंग द्या आणि 'ही इतक्या रुंदीची समज' असा आकडा द्या. रुंदी काढायचं फंक्शन तुमचं, टर्मिनलला एक, प्रिंटरला एक. साधं आर्ग्युमेंट.

उशिराची_लोकल:
हे माहीत नव्हतं. पण तुम्ही उत्तर असं देता की आभार मानावेसे वाटत नाहीत.

फायबर_आणि_फरसाण:
😂 हेच. या ग्रुपात नवीन माणूस आला की त्याला आधी 'मॅन्युअल वाचलं नाहीस' ऐकवायचं आणि मग म्हणायचं ओकॅमलच्या नोकऱ्या पुण्यात का नाहीत. आयआयटी मद्रासच्या केसी शिवरामकृष्णन आणि त्यांच्या लोकांनी कित्येक वर्षं घासून हँडलर चालू भाषेत बसवले, जुना कोड न मोडता, आणि आपण इथे बसून त्यांचा वापर कसा करू नये याच्यावर निबंध लिहितोय.

कोल्हापुरी_कॅमल:
त्यांचं नाव पुढे करून माझ्यावर दगड मारू नका. त्यांच्याच २०२१ च्या पीएलडीआय परिषदेतल्या पेपरात आहे की जे प्रोग्राम इफेक्ट वापरत नाहीत त्यांना सरासरी १ टक्का भुर्दंड पडतो. इतका कमी का? कारण न वापरणाऱ्याला हात लावायचा नाही हीच अट होती त्या कामाची. तुम्ही प्रिंट आणि रीडच परफॉर्म करायला लावले की 'न वापरणारा' प्रोग्राम उरतो कुठे? एक कॅरॅक्टर वाचायला हँडलर शोधत स्टॅक चढायचा. मी लॉग पार्स करणारा कोड लिहितो, जीबी जीबीच्या फाइली, माझ्या लूपमध्ये हे नको.

फायबर_आणि_फरसाण:
कॅरॅक्टरला कोण परफॉर्म करतंय, बफर भरायला करा. चॅनेलला बफर असतोच की, तो रिकामा झाला की एकदा. हे तुम्हालाही कळतं, मुद्दाम वेड पांघरताय.

कोल्हापुरी_कॅमल:
बरं. बफरचं घ्या, दिलं. पण मग चॅनेलचं लॉक हातात असताना फायबर बाजूला ठेवणार, दुसरा फायबर त्याच चॅनेलवर लिहायला येणार, तेच लॉक मागणार. पुढे?

फायबर_आणि_फरसाण:
लॉकही शेड्यूलरला कळणारं हवं.

शेपूट_कॉल:
म्हणजे आता म्युटेक्सपण (तेच ते लॉक) व्हर्च्युअल. मग कंडिशन. मग लेझी (गरज पडेल तेव्हाच 'फोर्स' करून काढायची किंमत), कारण अर्धवट फोर्स झालेलं लेझी दुसऱ्या फायबरने फोर्स केलं की 'अनडिफाइंड' फेकतं. हे म्हणजे नळाचा वॉशर बदलायला गेलात आणि अख्खी सोसायटी खणून ठेवलीत.

नारायण_पेठेतला_पॉइंटर:
सगळे खणत असताना आठवण करून देतो, पिकोस नावाची लायब्ररी याच दुखण्यावर आहे. मोजके ठरावीक इफेक्ट, 'मला थांबायचंय, उठव' अशा धर्तीचे, आणि कुठलाही शेड्यूलर ते हाताळू शकतो. लॉक वगैरे त्यावर बांधलेत. स्टँडर्ड लायब्ररीला न शिवता. दोघांनाही नको असेल म्हणजे बहुतेक बरोबर असेल.

फायबर_आणि_फरसाण:
मला नकोय असं कुठे म्हटलं? पण ते बाहेर आहे तोवर माझ्या त्या डिपेंडन्सीला ते माहीत नाही, ती स्लीप मारतच राहणार. ज्या दिवशी 'थांबायचंय' हा एक इफेक्ट स्टँडर्ड लायब्ररीत येईल त्या दिवशी मी प्रिंटचा हट्ट सोडतो.

कोल्हापुरी_कॅमल:
वा, प्रिंटपासून निघालात आणि स्लीपवर उतरलात. स्लीप आणि 'थांबायचंय' एवढंच असेल तर मी आडवा येणार नाही. घड्याळ तरीही आर्ग्युमेंटच. आणि डोमेनचं उत्तर अजून दिलेलं नाही तुम्ही, बघतोय मी.

फायबर_आणि_फरसाण:
देतो. डोमेन स्पॉन करताना पालकाचा हँडलर पोराला वारसाने मिळावा.

कोल्हापुरी_कॅमल:
आणि तो हँडलर चालणार कुठल्या डोमेनवर? पालकाच्या म्हणाल तर पालक स्वतःच्या कामात आहे, पोर ताटकळत बसणार. पोराच्या म्हणाल तर हँडलरमधला रेफ (बदलता येणारी किंमत) दोन डोमेन एकाच वेळी लिहिणार. शिवाय कंटिन्युएशन (थांबवलेल्या कामाचा उरलेला भाग) एकदाच चालवता येतं, दोघांनी उचललं तर दुसऱ्याच्या पदरी एक्सेप्शन.

फायबर_आणि_फरसाण:
रेफच्या जागी अॅटॉमिक.

कोल्हापुरी_कॅमल:
लिहा आरएफसी, म्हणजे बदलाचा रीतसर प्रस्ताव. लॉक, लेझी, सिग्नल, डोमेन चारही आले पाहिजेत त्यात. वाचून काढतो पहिला मीच, लाल पेन घेऊन.

उशिराची_लोकल:
प्रिंट_अॅज चाललं टर्मिनलवर. सेक्रेटरींना आता तोच रिपोर्ट एक्सेलमध्ये हवाय.