मदत हवी आहे : टाचेच्या एक्स-रेवरून हाडाची ताकद, ९७ टक्क्यांचे एकदम ५२ झाले

अर्धवटराव_२.०
सोमवारी गाईडना दाखवायचंय, घाईत लिहितोय. टाचेच्या एक्स-रेचा पोत मोजून हाड ठिसूळ आहे का ते ओळखायचं. जीएलसीएममधून (शेजारच्या ठिपक्यांच्या करड्या छटांच्या जोड्या मोजणारा तक्ता) कॉन्ट्रास्ट, होमोजिनिटी, एन्ट्रॉपी हे पोताचे आकडे काढून एसव्हीएमला (दोन गट वेगळे करायला शिकणारं मॉडेल) दिलं. ९७ टक्के उत्तरं बरोबर आली. काल ओळखीच्या डॉक्टरांकडून नवे ४० एक्स-रे मिळाले, त्यांवर ५२. छापा-काटा केला असता तरी चाललं असतं! कोड तोच आहे. आता पोताचं आणखी कोणतं फीचर (मोजमाप) घालू? वेव्हलेट की फ्रॅक्टल डायमेन्शन?

खोडरबर
चित्रं डायकॉम (मशीनमधली मूळ फाइल) की जेपीजी? पोत मोजायला एक्स-रेतून चौकोन किती मोठा कापला? ठिसूळ कोण, हे कशावरून ठरवलं? काहीच न सांगता औषध मागताय.

अर्धवटराव_२.०
जेपीजी. चौकोन १२८ बाय १२८ पिक्सेल, एका एक्स-रेतून सहा. ठिसूळ म्हणजे डेक्साचा (हाडाची घनता मोजणारी तपासणी) टी-स्कोर (निरोगी तरुणांच्या सरासरीशी तुलना) उणे २.५ किंवा खाली, हे उघडच आहे ना.

खोडरबर
उघड नाही. डेक्सा कंबरेचा किंवा खुब्याचा, एक्स-रे टाचेचा. शिवाय टी-स्कोर घनता सांगतो आणि धाग्याच्या नावात तुम्ही ताकद लिहिलीये.

जुनी_फिल्म
कशाला हा खटाटोप? १९७० साली मनमोहन सिंग यांनी (पंतप्रधान नव्हेत, दुसरे) मांडीच्या हाडाच्या वरच्या टोकातल्या रेषा बघून सहा पायऱ्या लावल्या. सहावी म्हणजे ठणठणीत. रेषा विरत जातात तशी पायरी उतरते. फिल्म उजेडासमोर धरायची, झालं.

दूधपावडर
@जुनी_फिल्म, आणि तीच फिल्म दोन डॉक्टरांना दिली की दोन वेगळ्या पायऱ्या! त्यापेक्षा टीबीएस (ट्रॅबेक्युलर बोन स्कोर) बघा. डेक्साच्याच कण्याच्या चित्राचा पोत मोजतात. १.३५ च्या वर चांगलं, १.२ च्या खाली बिघडलेलं. टाइप २ मधुमेहात घनता बरी दिसते तरी हाड मोडतं, तिथे फार कामाचं.

जुनी_फिल्म
त्याच्याकडे टाचेचे एक्स-रे आहेत, तुम्ही त्याला कण्याचं मशीन विकताय.

सुगरण_सातारा
माझ्या सासूबाईंचा टी-स्कोर उणे २.८ आला होता. रोज नाचणीची आंबील आणि सकाळचं ऊन. तीळही द्या.

खोडरबर
आंबील नंतर. अर्धवटराव, ते सहा चौकोन ट्रेन (मॉडेलला शिकवायचे) आणि टेस्टमध्ये (तपासायचे) वाटले कसे?

अर्धवटराव_२.०
रँडम. सगळे तसंच करतात.

खोडरबर
म्हणजे एकाच माणसाची टाच दोन्हीकडे. मॉडेल माणूस ओळखतंय. वाटणी पेशंटनुसार करा. आणि हाडाच्या आतल्या जाळीची काडी साधारण ०.१ ते ०.२ मिमी जाड असते. एक्स-रेत अशा कितीतरी काड्यांच्या सावल्या एकावर एक पडतात. सुटी काडी दिसतच नाही, तुम्ही मोजता ते सावल्यांचं मिश्रण. त्यात केव्ही (एक्स-रे नळीचा व्होल्टेज) बदलला, मशीनने कडा धारदार केल्या, जेपीजीने चित्र दाबलं की जीएलसीएमचे आकडे हलणारच. पेशंट तोच असला तरी.

अर्धवटराव_२.०
बरं. एक सांगायचं राहिलं, बहुतेक महत्त्वाचं नाही. निरोगी लोकांचे एक्स-रे आमच्या कॉलेजच्या जुन्या सीआरवरचे (कॅसेट वाचून चित्र काढणारं मशीन) आहेत. ठिसूळवाले एका हॉस्पिटलच्या डीआरवरचे (थेट डिजिटल चित्र देणारं मशीन).

दूधपावडर
महत्त्वाचं नाही?? 😂

खोडरबर
अहो, तुम्ही मशीन ओळखणारं मॉडेल बनवलंत. खात्री करायची तर पायाबाहेरचा रिकामा काळा कोपरा कापा, तिथे हाडच नाही. त्यावर हाच कोड चालवा. मॉडेल खरंच हाड बघत असेल तर उत्तर ५० च्या आसपास यायला हवं.

जुनी_फिल्म
म्हणून म्हणतो, उजेडासमोर धरा.

अर्धवटराव_२.०
चालवला. ९४ आले.
दोन्ही गटांचे एक्स-रे एकाच मशीनवरचे, तेही डायकॉममध्ये, सोमवारपर्यंत कुठे मिळतील का?

सुगरण_सातारा
सोमवारपर्यंत नाचणी भिजवून मोडसुद्धा येतात. ताक मात्र आंबट नको.