एकाच रॉडवर उजवे आणि डावे आटे: कसे पाडावेत, उपयोग काय?

खटपट्या:
मंडळी, उजव्या (नेहमीच्या) आट्यांवरूनच डावे (उलट फिरवून घट्ट होणारे) आटे पाडलेला बोल्ट व्हिडिओत पाहिला. उजवा नट आणि डावा नट, दोन्ही त्याच बोल्टवर चढतात! माझ्याकडे जुना साडेचार फुटी लेथ आहे, लीडस्क्रू (टूल सरकवणारा लांब स्क्रू) इंचाला ४ आट्यांचा. एम २४ (२४ मिमी जाडीचा), ३ मिमी पिच (दोन आट्यांमधलं अंतर) करावा म्हणतो, पण इंची लीडस्क्रूवर मिलिमीटरचे आटे पाडायला लागणारं १२७ दात्यांचं गिअर नाही. कसं जमवू? आणि शोकेसपलीकडे याचा काही उपयोग?

जुना टर्नर:
मिलिमीटरचा हट्ट सोडा. १ इंची बीएसडब्ल्यू (जुने इंची व्हिटवर्थ आटे) घ्या, इंचाला ८ आटे. ८ला ४ने पूर्ण भाग जातो, म्हणून हाफ नट (टूलला लीडस्क्रूशी जोडणारा उघडझाप नट) कुठेही टाका, टूल त्याच घळीत येणार. स्पिंडलकडे ३० दाती, लीडस्क्रूवर ६० दाती, मध्ये आयडलर (नुसतं जोडणारं गिअर). उजव्या नटाला टॅप (आतले आटे पाडायचं हत्यार) सहज मिळेल, डाव्याचे आटे बहुधा आतून टूलनेच पाडावे लागतील.

आट्यांची खोली साधारण २ मिमी. चकाच्या (रॉड धरून फिरवणाऱ्या पकडीच्या) बाजूला त्याहून किंचित खोल खाच आधीच कोरून ठेवा. उजवे पाडून झाले की टंबलरचा (लीडस्क्रूची दिशा उलटवणाऱ्या गिअरांचा) दांडा फिरवा. चक त्याच दिशेने फिरू दे. टूल खाचेतून टेलस्टॉककडे (लेथच्या दुसऱ्या टोकाकडे) न्यायचं. हेलिक्स कोन (आट्यांचा तिरकेपणा) जेमतेम अडीच अंश आहे, तेव्हा टूलला दोन्ही बाजूंनी सात-आठ अंश क्लिअरन्स (घासू नये म्हणून उतार) दिलात तर तेच टूल दोन्हीकडे चालेल.

कार्बाइड नको. डावे पाडताना टूल आपटत आपटत जातं, कार्बाइडच्या इन्सर्टचं (बदलत्या पात्याचं) टोक उडतं. एचएसएस (हाय स्पीड स्टीलचं टूल), कमी आरपीएम, बारीक कट. आणि नंतर उजव्यांवरून पुन्हा हात फिरवायला जाऊ नका. टंबलर हलला की स्पिंडल-लीडस्क्रूचा मेळ सुटतो, टूल भलत्याच जागी उतरतं. बर (कडेला राहिलेली धातूची कुसळं) त्रिकोणी कानशीने काढा.

नटबोल्टे:
+१. पण 'हा नट कधीच ढिला होत नाही' वगैरे ऐकून हा बोल्ट भाराखाली घालू नका. दोन्ही आटे एका फेऱ्यात दोनदा छेदतात. तिथे घळीवर घळ येते, म्हणून त्या दोन बाजूंना आट्यांची उंची पूर्ण राहते. काटकोनातल्या बाजूंना मात्र एकाच्या माथ्यावरून दुसऱ्याची घळ जाते, उंची निम्मी उरते. नट धरणार कशाला?

छेदणाऱ्या घळींचं खरं काम मासेमारीच्या रिळात बघा. तिथे दोन्ही घळी टोकांना जोडलेल्या असतात. स्क्रू एकाच दिशेने फिरतो आणि घळीतला गुटका दोरीला घेऊन आपोआप मागे-पुढे जातो. गुटका लांबट ठेवतात, नाहीतर छेदावर तो वाट चुकतो. हे करून बघा, जास्त मजा आहे.

खटपट्या:
रीळ सध्या झेपायचं नाही. सोपं पण कामाचं काही?

नटबोल्टे:
डिफरेन्शियल स्क्रू. एका रॉडच्या एका टोकाला एम ८ (पिच १.२५), दुसऱ्याला एम ६ (पिच १), दोन्ही उजवे. एम ८चा नट पक्का बसवा, एम ६चा नट फिरू देऊ नका, फक्त सरकू द्या. एका फेऱ्याला तो ०.२५ मिमीच सरकतो. साध्या डाय-टॅपवर (हाताने बाहेरचे-आतले आटे पाडायच्या हत्यारांवर) होतं, लेथवर आटे पाडायचीही गरज नाही. बारीक सेटिंगला झकास.

खटपट्या:
हा रविवारी करतो. तो डावा-उजवाही सोडणार नाहीच 😀 ईएन ८ (मध्यम कार्बनचं पोलाद) घेऊ की पितळ?

जुना टर्नर:
पहिला पितळेचा. टूलच्या वरच्या तोंडाला रेक (मागे उतार) देऊ नका, सपाट ठेवा, नाहीतर ते पितळेत घुसतं.