व्यसनमुक्ती केंद्रात बोलायचा विषय कोणी ठरवायचा?

समुपदेशक (मूळ मत): निवासी केंद्रात उठायचं कधी, जेवायचं कधी, घरी फोन कधी करायचा, हे सगळं दुसरेच ठरवतात. निदान समुपदेशनाच्या तासाला काय बोलायचं, हे तरी त्या माणसाला ठरवू द्या, एवढंच माझं म्हणणं आहे. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ कार्ल रॉजर्स १९४०च्या दशकापासून हेच सांगत होते.

एक गृहस्थ पहिले दोन तास नुसते झोपेबद्दल बोलले. टॉवेलच्या काठाचा दोरा ओढत बसायचे. गाडी दारूकडे वळवायला मी आतून उतावीळ झालो होतो, पण गप्प राहिलो. तिसऱ्या वेळी ते म्हणाले, "पहिल्यांदा घेतली ती झोप यावी म्हणूनच हो." दारू सुटल्यावरही झोप कित्येक आठवडे बिघडलेली राहते आणि पुष्कळांना तीच परत बाटलीकडे नेते. मी माझी प्रश्नावली पुढे रेटली असती, तर हे माझ्या हाती लागलं नसतं.

एका रुग्णाची बहीण: तुमच्या हाती लागलं, आमच्या घराला काय मिळालं? माझ्या भावालाही असाच मोकळेपणा दिला होता. तो तासन्‌तास बायकोच्या कटकटीबद्दल बोलला. समोरून कुणी विचारलं नाही, की मुलाच्या फीचे पैसे कुठे गेले? घरी आला तो "माझ्या भावना कुणी समजून घेतल्या नाहीत" हे वाक्य घेऊन. नवव्या दिवशी परत प्यायला. नशेने ज्याची निवड करायची ताकदच खाल्लीय, त्याच्या हातात लगाम देणं मला पटत नाही.

समुपदेशक: ताई, तसं झालं असेल तर ते चुकलंच. पण ऐकणं म्हणजे मान डोलावणं नव्हे. रॉजर्स आस्था आणि समजून घेणं यांच्याइतकाच समुपदेशकाच्या खरेपणावर भर देत. "तुम्ही घराबद्दल बोलता, पैशाचा विषय मात्र टाळता, हे मला जाणवतंय," असं म्हणता आलं पाहिजे. दरडावून मात्र उपयोग होत नाही. विल्यम मिलर या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने आणि सहकाऱ्यांनी १९९३ साली दारूच्या रुग्णांवरचा अभ्यास प्रसिद्ध केला. समुपदेशक जितका अंगावर गेला, तितकं वर्षभरानंतरचं पिणं जास्त आढळलं.

केंद्रात राहिलेला एक जण: दरडावणं मी भोगलंय. रोज संध्याकाळी गोल करून बसवायचे आणि कबुली द्यायला लावायचे. कोणतं वाक्य बोललं की सुटका होते, हे आठवड्याभरात कळलं. रडायचं कधी तेही कळलं. खोटं बोलण्यात मी आधीच तरबेज होतो, तिथे आणखी सराव झाला. पण ताईंचंही खरं आहे. नुसतं ऐकणाऱ्यालाही मी सहज गुंडाळलं असतं.

डॉक्टर: एक गोष्ट या वादात सुटतेय. रोज भरपूर पिणाऱ्याने एकदम थांबवलं, तर पहिल्या दोन दिवसांत झटके येऊ शकतात आणि दोन ते चार दिवसांत भ्रम होऊन जीवावर बेतू शकतं. तेव्हा औषध लागतं, थायमिन म्हणजे ब१ जीवनसत्त्व लागतं, संवाद नंतर. दुसरं, हेरॉइनसारखी अफूवर्गीय नशा करणाऱ्याच्या शरीराची ती नशा पेलण्याची सवय केंद्रातल्या मुक्कामात उतरते. बाहेर पडून त्याने जुनंच प्रमाण घेतलं, तर श्वास थांबून मृत्यू होऊ शकतो. त्याने विषय काढो न काढो, हे त्याला सांगितलंच पाहिजे, आणि घरच्यांनाही.

समुपदेशक: हे पूर्ण मान्य. अशा माहितीसाठी मी त्याच्या विषय काढण्याची वाट पाहणार नाही.

बहीण: मग माझीही एक मागणी ऐका. त्याचे तास त्याचे राहू देत, पण घरी पाठवण्याआधी निदान एक तास त्याच्या बायकोला तिथे बसवा आणि विषय तिला काढू द्या. आमची वहिनी केंद्राच्या दारात तीन वेळा उभी राहिली. प्रत्येक वेळी तिच्या हातात फक्त त्याच्या कपड्यांची पिशवी दिली.