मदत हवी आहे: प्लेऑफमध्ये (हंगामाअखेरच्या बाद फेऱ्यांत) दुय्यम फलंदाज एवढे होमरन कसे मारतात?

मंडळी, बेसबॉल नियमित पाहणाऱ्यांकडून एक गोष्ट समजून घ्यायची आहे. २०२१ च्या जुलैत अटलांटा ब्रेव्ह्ज संघाचा स्टार फलंदाज रोनाल्ड अकुन्या गुडघ्याच्या दुखापतीने बाहेर गेला. संघाने त्याच महिन्यात पीडरसन, दुवाल, रोसारियो आणि सोलेर हे चार आउटफिल्डर (मैदानाच्या मागच्या भागात क्षेत्ररक्षण करणारे खेळाडू) आणले. ऑक्टोबरात, म्हणजे प्लेऑफमध्ये, चौघांनीही मोक्याचे होमरन (चेंडू थेट मैदानाबाहेर टोलवणारे फटके) मारले. सोलेर तर वर्ल्ड सिरीजचा, म्हणजे अंतिम मालिकेचा, एमव्हीपी (सर्वोत्तम खेळाडू) झाला.

२०२५ च्या वर्ल्ड सिरीजचा सातवा सामना आठवा. नवव्या, म्हणजे नेहमीच्या शेवटच्या इनिंगमध्ये लॉस एंजेलिस डॉजर्स एका रनने मागे, आणि फलंदाजीच्या क्रमात तळाला असलेल्या मिगेल रोहासने होमरन मारून बरोबरी केली! त्याच्यामागे संघाचा सर्वात मोठा फलंदाज ओहतानी येणार होता, म्हणजे रोहासला वॉक (चार वाइड चेंडूंमुळे फुकट मिळणारा पहिला बेस) देणं पिचरला, म्हणजे गोलंदाजाला, परवडणारं नव्हतं.

असंच नेहमी घडतं का? मोठ्या नावांना जपून चेंडू आणि बाकीच्यांना सरळ स्ट्राइक झोनमध्ये (फलंदाजाला मारता येईल अशा टप्प्यात)? की थोड्या सामन्यांत कुणीही चमकू शकतो, एवढंच? मला पहिलं कारण जास्त पटतं, पण पुरावा हवाय. बेसबॉल सॅव्हंट या आकडेवारीच्या वेबसाइटवर प्रत्येक चेंडूची नोंद असते. त्यातले नेमके कोणते आकडे पाहावेत, कुणी सांगाल का?